नऊला गॅस, दहाला दिवा

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला, तीन फुटी काचेची टाकी आहे. टाकीत मासे आहेत, पण ती माशांची टाकी नव्हे, झाडांची आहे. हे मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांना समजावून सांगितलंय, की आता कुणी 'काय छान मासे' म्हणालं तर मी नुसती मान हलवते. एकट्या आण्णाप्पांच्या बाबतीत मात्र मी हार मानली नव्हती.

कारखाना म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीन शॉप. पंपांचे ओतीव भाग बाहेरून येतात, आम्ही त्यांना बोअर, म्हणजे मापाचं गोल भोक, मारून, मापात बसवून परत पाठवतो. सोळा माणसं आहेत. बाबांनी, म्हणजे श्रीनाथ यांनी, तीस वर्षं चालवला. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि पुण्यातली नोकरी सोडून मी, त्यांची मुलगी शाल्मली, खुर्चीत बसले. बाबांनी किल्ल्यांचा जुडगा दिला आणि वर एकच वाक्य दिलं, आण्णाप्पाला सांभाळ म्हणून. किल्ल्या सांभाळणं त्या मानानं सोपं होतं.

आण्णाप्पा आमचे फोरमन. सव्वीस वर्षं आमच्याकडे आहेत. काकतीचे, तिथं दोन एकर रान आणि पाण्याची एक बोअर, आणि रोज मोटारसायकलवरून बेळगाव ओलांडून कामाला. आमच्याकडं एक जुनं बोरिंग मशीन आहे, बाबांनी सेकंडहँड घेतलेलं. ते फक्त आण्णाप्पांचं ऐकतं. मी इंजिनियर आहे, त्याची सगळी मापं मला पाठ आहेत, तरी मी उभी राहिले की बोअर दोन शतांश मिलिमीटरनं चुकतो. आण्णाप्पा आवाज ऐकून हँडल फिरवतात आणि माप बरोबर येतं. त्यांनी सोडलं असतं तर ते मशीन भंगारातच घालावं लागलं असतं, आणि आमची निम्मी कामं त्याच मशीनवरची.

टाकी मी आल्या आल्या बसवली. खरं सांगायचं तर त्या ऑफिसात माझं असं काहीतरी हवं होतं. बाकी सगळं बाबांचं होतं, भिंतीवरच्या कॅलेंडरापासून ते माणसांपर्यंत. पहिला महिना मी नवशिक्यासारखा घालवला: सकाळी आलं की टाकीवरचा दिवा लावायचा, संध्याकाळी आठला निघताना बंद करायचा. अकरा तास. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, असा माझा हिशेब. वाढलं ते शेवाळ. पानांवर हिरवे केस, काचेवर हिरवा लेप, आणि मासे नुसते हलताना दिसायचे. आण्णाप्पा जॉबकार्डावर सही घ्यायला आले की टाकीपुढं दोन मिनिटं थांबायचे आणि काहीही न बोलता जायचे. त्यांचं ते न बोलणं मला फार लागायचं.

मग मी वाचलं, विचारलं, आणि वेळापत्रक बसवलं. झाडांना दिवसाला आठ तास उजेड पुरतो, त्यापुढचा उजेड शेवाळाच्या पदरात पडतो. उजेड असेल तेव्हा झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आमच्या वेल्डिंगच्या कामाला येतोच, त्यातलाच एक लहान सिलिंडर मी टाकीखालच्या कपाटात ठेवला आणि बारीक नळीनं पाण्यात सोडला. गॅस दिव्याच्या आधी तासभर सुरू करायचा, आणि दिवा जायच्या आधी तासभर बंद. कारण अंधारात झाडं गॅस घेत नाहीत. तो पाण्यात साठत जातो आणि माशांचा जीव गुदमरतो. हे सगळं मोठ्या अक्षरात छापून टाकीशेजारी चिकटवलं:

नऊ – गॅस चालू. दहा – दिवा चालू. पाच – गॅस बंद. सहा – दिवा बंद. रविवार – गॅस नाही.

आण्णाप्पांनी तो कागद चष्मा लावून वाचला. त्यांच्या गावात शेतीपंपाची वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ते म्हणाले, "आमच्या बोअरला सात तास लाईट, आन् तुमच्या माशास्नी आठ तास?"

मी म्हटलं, "आण्णा, दिवा झाडांसाठी आहे. माशांना त्याची काही गरज नाही."

ते 'व्हय व्हय' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माशांचाच दिवा म्हणाले. मला चिडवायला म्हणत होते की खरंच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, हे मला कळत नव्हतं. दोन्ही शक्यतांचा मला सारखाच राग यायचा.

एक मात्र खरं, की ते बघायचे. दिव्याला मी साधा चकतीचा टायमर लावला होता. वीज गेली की त्याची चकती जागीच थांबते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढं फिरते, म्हणजे जेवढा वेळ वीज नाही तेवढा दिवा रोजच्यापेक्षा मागं पडतो. ही गोष्ट आधी माझ्या ध्यानात आली नाही, त्यांच्या आली. दिवा आज पावणेअकराला लागला, एवढं ते जाता जाता सांगून गेले. त्यानंतर वीज गेली की चकती पुढं सरकवायची सवय मी लावून घेतली. शेवाळ हळूहळू गेलं. लाल पानांचं झाड पाण्याबाहेर डोकं काढू लागलं. आण्णाप्पांनी त्याबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही, पण टाकीपुढं थांबायचे ते आता पाच मिनिटं थांबायचे.

गॅसलाही मी विजेवर आपोआप उघडणारा आणि बंद होणारा वाल्व्ह बसवला होता. तो सप्टेंबरात जळाला. नवा मागवला, आला नाही. तोवर सकाळी नऊला मी स्वतः कपाट उघडून सिलिंडरची चावी फिरवायची आणि पाचला बंद करायची. पाचला कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असो, मी उठायची. माणसं हसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता भांडणाचं सांगते. निपाणीच्या एका पार्टीचे बारा पंप द्यायचे होते. माल आमच्याकडंच उशिरा आला, आणि कबूल केलेली तारीख दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसाची. आठ झाले होते, चार राहिले होते. ते चार बोरिंग मशीनवरचे. मध्ये खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या मशीनांची, हत्यारांची पूजा होते. पान्यापासून क्रेनपर्यंत प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूची माळ. शेवटी मेन स्विच खाली ओढतात, त्याच्या दांडीलाही कुंकू लावतात, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. हत्यारं विश्रांतीला बसलेली असतात. लहानपणी मला हा दिवस फार आवडायचा. मालक झाल्यावर तोच दिवस मला चार पंपांएवढा दिसला.

मी आण्णाप्पांना ऑफिसात बोलावून सांगितलं, की पूजा करू, प्रसाद वाटू, सगळ्यांना सोडू, आणि फक्त बोरिंग मशीन दुपारी चार तास चालवू. तुम्ही आणि मी, दोघंच. कुणाला कळणारही नाही. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

"पुजल्यावर हात लावायचा न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, तारीख गेली तर पार्टी जाईल. ते म्हणाले, पार्टी बाबांच्या वेळेपासूनची आहे, फोन करा, दोन दिवस देईल. मी म्हटलं, कारखाना कसा चालवायचा हे मला शिकवू नका. मला हवं ते मला आत्ता हवं असतं, हा माझा स्वभाव. तो बाबांकडून आलेला नाही, कुठून आला कोण जाणे. आण्णाप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे सांगितलं, की शेजारच्या गल्लीतला एक कारखानदार सहा महिने बोलावतोय. दसरा झाला की एक तारखेपासून ते तिकडं जातील. मालकांना, म्हणजे बाबांना, संध्याकाळी घरी येऊन सांगतील.

ते तसे घरी येऊन सांगून गेलेही. बाबा माझ्यावर चिडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, तुझं तू बघ. मी निपाणीला फोन केला. पार्टी म्हणाली, अहो दसरा आहे, आम्ही तरी कुठं उघडतोय, चार दिवसांनी द्या. मी फोन ठेवला. हे आण्णाप्पांना जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. माझं चुकलं हे मला कळलं होतं, पण ते तोंडातून बाहेर यायला तयार नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी मी पावणेनऊला आले. नऊला सवयीनं गॅस सोडला. दहाला दिवा लागला. अकराला पूजा सुरू झाली. आण्णाप्पा पांढरं धोतर नेसून आले होते, हातात कुंकवाचं ताट. एकेक मशीन करत ते ऑफिसात आले, टाकीखालचं कपाट उघडलं, आणि सिलिंडरच्या चावीलाही कुंकू लावून झेंडूची माळ घातली. सिलिंडर म्हणजे हत्यारच, असं ते बरोबरच्या माणसांना म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मला वाटलं, माझी टाकीही सोडली नाही या माणसानं.

साडेबाराला मेन खाली आला. पंखे थांबले, ऑफिसातला दिवा गेला, टाकीवरचा दिवा गेला, पाणी फिरवणारा छोटा पंप गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद समोर होता. पण मी घड्याळाकडं बघून मनात म्हणत होते, आत्तापासून चार तासांत चार पंप झाले असते. राग असला की माणसाला समोरचंही दिसत नाही. प्रसाद घेतला, कुलूप लावलं, घरी गेले. चावीवर झेंडूची माळ तशीच, आणि खाली गॅस चालूच.

घरी पाहुणे होते. आत्या आली होती, तिनं लग्नाचा विषय काढला. पाच वाजले तेव्हा मी पुऱ्या लाटत होते.

आठवलं ते दसऱ्याच्या सकाळी, चहाला शेगडी पेटवताना. बर्नरमधून गॅसचा आवाज आला आणि चावी आठवली, ती मी बंदच केली नव्हती. अठरा तास. पाणी स्थिर, दिवा नाही, आणि त्यात गॅस. वीस मासे होते. मी चहा तसाच ठेवून स्कूटर काढली. वाटेत मी स्वतःला समजावत होते की मासेच आहेत, नवीन आणता येतील. पण मला रडू येत होतं, आणि ते नुसतं माशांसाठी नव्हतं. त्या कारखान्यात माझं असं जे एक होतं, त्याचीही मी वाट लावली होती, तीही माझ्याच रागापायी.

मी ऑफिसचं दार उघडलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात वीसच्या वीस मासे झाडांच्या बुंध्याशी फिरत होते.

मी दोनदा मोजले. मग कपाट उघडलं. चावी बंद होती. तिच्यावरचं कुंकू पुसलं गेलं होतं आणि लाल बोटं सिलिंडरच्या गळ्यावर उमटली होती. माळ बाजूला काढून कपाटाच्या फळीवर नीट ठेवलेली. टाकीचं झाकण उघडं, खाली फरशी ओली, आणि स्टुलावर आमचा पाण्याचा स्टीलचा तांब्या.

ऑफिसच्या किल्ल्या तिघांकडं: मी, बाबा आणि आण्णाप्पा. बाबा जिना उतरू शकत नाहीत.

भावकू, आमचा वॉचमन, मी हाक मारायच्या आधीच दारात येऊन उभा होता. म्हणाला, "आण्णा आलते काल. पाचला काकतीतनं निघाले म्हणं, इथं पोचायला सहा झाले. गर्दी लई हुती. मला म्हणले, ताईस्नी सांगू नगंस."

म्हणजे सांगून टाकलं. पुढचंही त्यानं सगळं सांगितलं. आण्णाप्पा देवळात बसले होते, कुणाच्या तरी घड्याळात पाच वाजलेले दिसले, आणि तिथून तसेच उठून आले. कपाटापुढं बराच वेळ उभे राहिले. मग पाया पडले आणि चावी फिरवली. मासे वर येऊन तोंड उघडत होते, म्हणून दीड तास तांब्यानं पाणी वर काढून परत आत ओतत होते, हवा मिसळावी म्हणून. मेन काही वर केला नाही. मोबाईलची बत्ती लावली होती, पण ती भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. भावकूनं विचारलं, की टाकीवर का मारत नाही, नीट दिसेल. तर म्हणाले, सहाला दिवा बंद करायचा असतो.

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, सापडलात. पुजल्यावर हात लावायचा नाही, मग हा कुणाचा हात? चार पंपांना नाही आणि वीस माशांना व्हय? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला होता आणि पुरावा माझ्या समोर होता. सगळ्या माणसांपुढं एवढं नुसतं विचारलं असतं, तरी भांडण मी जिंकले असते. आणि बोरिंग मशीन कायमचं गप्प झालं असतं.

पण काकतीहून उद्यमबागेपर्यंत, सणाच्या गर्दीतून, ज्या मुलीनं त्यांचा अपमान केला तिच्या टाकीसाठी. मला फार लाज वाटली.

भावकूला मी चहा आणायला पाठवलं. कालचं पूजेचं ताट देव्हाऱ्यापुढं होतं, त्यात कुंकू शिल्लक होतं. फडक्यानं मी सिलिंडरवरची बोटं पुसली. चावीला नवं कुंकू लावलं, जिथं काल होतं तिथंच. माळ परत घातली. फरशी कोरडी केली, तांब्या जागेवर ठेवला. भावकू आला तेव्हा त्याला म्हटलं, आण्णांनी तुला सांगू नको म्हणून सांगितलंय, तर इथून पुढं कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, मी कशाला सांगतोय.

नऊला माणसं आली. नारळ फुटला. आण्णाप्पांनी मेन वर केला, पंखे फिरले, प्रत्येक मशीन पाच मिनिटं चालवून बंद केलं. बोरिंग मशीनही. मग आपट्याची पानं वाटली गेली. मी आण्णाप्पांना पान दिलं, वाकून नमस्कार केला आणि एवढंच म्हटलं, "आण्णा, निपाणीवाल्यांनी चार दिवस दिले. तुमचं बरोबर होतं. मी चुकीचं बोलले."

त्यांनी पान खिशात ठेवलं. मग ते ऑफिसात गेले. मी काचेतून बघत होते. त्यांनी कपाट उघडलं आणि चावीकडं, त्या नव्या कुंकवाकडं, बघत राहिले. मग कपाट लावलं. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि दिव्याच्या टायमरची चकती, जी काल साडेबाराला थांबली होती, ती हळूहळू फिरवून आत्ताच्या वेळेवर आणली. बाहेर येताना म्हणाले, आज गॅस सोडू नका, मासे जरा दमलेत. मी हो म्हटलं. मासे का दमलेत, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जाण्याबद्दलही ते काही बोलले नाहीत. चार पंपांचं बोरिंग त्यांनी पहिल्याच दिवशी केलं, एकही माप न चुकता, आणि बाकीचं काम होऊन तिसऱ्या दिवशी माल गेला. मी विचारायला घाबरत होते. एक तारीख जवळ येत होती, आणि बाबा रोज जेवताना माझ्याकडं बघायचे आणि पुन्हा ताटाकडं बघायचे.

एक तारखेला मी आठलाच येऊन बसले. मोटारसायकलचा आवाज आला की कान टवकारायची. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. नऊला उठले, गॅस सोडायचा म्हणून टाकीपाशी गेले, आणि कागदाकडं लक्ष गेलं. 'रविवार – गॅस नाही' याच्या खाली, पेन्सिलीनं, जॉबकार्डावरच्या त्या ओळखीच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ वाढली होती. कधी लिहिली होती कोण जाणे.

खंडेनवमी – मेन बंद, झाडांना उजेड नाही, म्हणून गॅस नाही. पूजेआधी चावी बंद करणे.

मी ती पुन्हा वाचली. माशांना नाही, झाडांना.

तेवढ्यात ते दारात आले, डोक्यावर टोपी, हातात डबा. काकतीजवळ ट्रक उलटला होता म्हणून उशीर झाला म्हणाले. मी कागदाकडं बोट दाखवलं. विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का.

"व्हय," ते म्हणाले. "पुढल्या वर्साला परत इसरशीला."

आणि डबा खिडकीत ठेवून बोरिंग मशीनकडं गेले.